कप्तानची हाक

सकाळी सव्वासहाला दाराची बेल वाजली तेव्हा ती चहाचं आधण ठेवत होती. एवढ्या सकाळी बेल म्हणजे कुणाचं तरी बरंवाईट, नाहीतर खालच्या मजल्यावर पाणी गळतंय. तिने साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. बाहेर एक मुलगी उभी होती, तिशीच्या आतली, पायात घरातल्या चपला, केस कसेबसे वर बांधलेले. चार मजले जिन्याने चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती.

"काकू, माफ करा हं," मुलगी म्हणाली. "मी समोरच्या इमारतीत आत्याकडे राहायला आलेय. तुमच्याकडे कोण आहे?"

"कोण आहे म्हणजे? आम्ही दोघंच असतो. मी आणि आमचे हे."

"नाही, आत्ता हाक कुणी मारली? आधी वर चढत गेली, आणि शेवटी एकदम खाली उतरली, ती?"

"ती होय! तो कप्तान. पोपट आहे आमचा. रोज उजाडलं की दोन मिनिटं ओरडतो तसा. झोपमोड झाली का तुमच्या आत्यांची?"

तिला वाटलं, आता तक्रार येणार. पण मुलीने दाराच्या चौकटीला हात टेकला आणि एखाद्या आजारी माणसाला भेटायची परवानगी मागावी तशा हलक्या आवाजात विचारलं, "मी त्याला बघू का?"

बाहेरच्या खोलीत खिडकीशी नवरा त्याच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर कालचा पेपर. शेजारी उंच स्टुलावर पिंजरा. मुलगी पिंजऱ्यासमोर उकिडवी बसली. कप्तानने मान वाकडी करून आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने तिला पाहून घेतलं, घसा खाकरला आणि भरदार पुरुषी आवाजात विचारलं, "अगं, कोण आलंय?" मुलगी दचकून नवऱ्याकडे वळली आणि म्हणाली, "नमस्कार काका. मी समोरून आलेय." नवरा तिच्याकडे नुसता बघत राहिला. मुलगी गोंधळली. "कप्तान बोलला तो," तिने घाईघाईने सांगितलं. "ह्यांना बोलता येत नाही. तीन वर्षं झाली. झटका आला होता." असं सांगताना तिला दर वेळी थोडं अपराध्यासारखं वाटे, जणू दुकानातून आणलेली वस्तू बिघडलेली निघाली आणि ती तिनेच निवडली होती. नवऱ्याने डावा हात उचलून नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि म्हणाला, "तर." तेवढा एकच शब्द झटक्याने त्याच्याकडे ठेवला होता. भूक लागली तर, पाठ दुखली तर, खिडकी लावायची तर, सगळ्याला 'तर'. जणू माणूस मोठी गोष्ट सांगायला बसला आणि पुढची सगळी गोष्ट कुणी पळवून नेली.

मुलगी पक्ष्यांवर काम करायची. शहराबाहेर दोन तासांवर एक केंद्र होतं, तिथे. कप्तानच्या जातीचे पक्षी आता जंगलात चाळीसच उरलेत, एका डोंगराच्या एकाच उतारावर, असं तिने सांगितलं. आणि हे सांगताना ती पिंजऱ्याकडे अशी बघत होती की घरच्या बाईलाच स्वतःच्या घरात परक्यासारखं वाटायला लागलं. एकतीस वर्षं जो पक्षी खोलीत केळ्याची सालं फेकत आला, त्याच्याविषयी कुणी इतकं जीव ओतून बोलेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. मुलगी गेल्यावर तिने मनातल्या मनात तिचं नाव पक्षीवाली ठेवलं आणि उतू गेलेला चहा पुसायला घेतला.

पण त्या दिवशी काही तिचं कशात लक्ष लागलं नाही. नवरा जहाजावर इंजिनियर होता तेव्हाची गोष्ट. आठ महिने पाण्यावर, चार महिने घरी. अशाच एका फेरीवरून परतताना त्याने कामाच्या डगल्यात गुंडाळून हा पक्षी आणला. इथल्याच बंदरावर एक माणूस टोपलीत अकरा पोपट घेऊन बसला होता, जाळ्यात धरलेले, पंख छाटलेले. दहा गपगार आणि हा एकटा बोंबलत होता. "बाकी काही करता येईना तरी हुकूम सोडायचं थांबेना," नवरा हसत म्हणाला होता, "म्हटलं, हा आमचा कप्तानच." एक पंख नुसता छाटलेला नव्हता, हाडातच मोडला होता. तो पक्षी पुन्हा कधी उडाला नाही. बाकीच्या दहांचं काय झालं, हे तिने तेव्हा विचारलं नव्हतं. आता, कांदा चिरता चिरता, एकतीस वर्षांनी तिला ते विचारावंसं वाटलं, आणि विचारून उत्तर मिळणार नव्हतं.

ती स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. कानाला हेडफोन लावून बत्तीस वर्षं तिने लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले. समोरचा नुसता श्वास घेई तेवढ्यावरून तिला कळे, बातमी आनंदाची की कुणी गेल्याची. तिचा संसारही बराचसा तारेवरच झाला. दूरदूरच्या बंदरांतून नवऱ्याचा फोन यायचा, आधी समुद्रासारखी खरखर, मग खाकरणं, मग "अगं, ऐकतेस ना?" मैत्रिणी हळूच लाइनवर येऊन खुदुखुदु हसायच्या. लेक तापाने फणफणली तेव्हा तो आवाज होता, लेकीचं लग्न ठरलं तेव्हाही आवाजच होता. माणूस निवृत्त होऊन कायमचा घरी आला तेव्हा सुरुवातीला तिला अवघडल्यासारखं झालं होतं. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून त्याच्याशी बोलणं तिला सोपं जाई. मग झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. आणि दवाखान्यातून घरी आलेल्या पहिल्याच संध्याकाळी पिंजऱ्यातून खाकरून कुणीतरी म्हणालं, "दार लाव गं, वारा येतोय." तिने उठून खरंच दार लावलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस तिला वाटत राहिलं की बरं झालं, अगदीच रिकाम्या हातांनी नाही आले मी घरी.

चार दिवसांनी पक्षीवाली पुन्हा आली, या वेळी नीट बूट घालून, पिशवीत रेकॉर्डर घेऊन. "काकू, हे ऐका." तिने हेडफोन पुढे केले. कानांवर ते मऊ गोल बसले आणि तिचा कणा आपोआप ताठ झाला. आधी कप्तानचीच हाक आली, परवा पक्षीवालीने समोरच्या खिडकीतून टिपलेली. मग दुसरी. दुसरीत चढण होती, पण शेवटचं उतरणं नव्हतं. त्याच्या जागी काहीतरी करकरत होतं.

"हे शेवटी काय वाजतं? न वंगणलेल्या चाकासारखं?"

पक्षीवाली चकित झाली. "एका झटक्यात ओळखलंत! आम्हाला दोन वर्षं लागली. दाण्याच्या ढकलगाडीचं चाक आहे ते. आमच्याकडची पिल्लं पिंजऱ्यात जन्मली, त्यांचे आईबाप पिंजऱ्यात जन्मले. खरी हाक त्यांनी कधी ऐकलीच नाही. जे रोज ऐकलं ते शिकली." मग तिने सांगितलं ते असं की मागच्या वर्षी नऊ पिल्लं डोंगरावर सोडली. ती हाका मारत राहिली, पण जंगलातल्या पक्ष्यांना त्या हाका कळल्याच नाहीत. थवा जवळ आला नाही. एकट्यादुकट्या पक्ष्याला ससाणा सोडत नाही. तीन आठवड्यांत नऊच्या नऊ गेली. "जंगलातला एखादा धरून आणायचा म्हटलं तर उरलेत चाळीस, त्यांना हात कसा लावणार? आम्हाला शिकवणारा हवा होता, काकू. आणि मी आत्याकडे सुट्टीला येते काय, आणि खिडकीतून तो ऐकू येतो काय!"

"म्हणजे तुम्हाला कप्तान हवाय."

"हो."

"नाही जमायचं," ती म्हणाली. स्वतःच्या आवाजातला कोरडेपणा तिला एक्स्चेंजमधला वाटला, 'लाइन व्यस्त आहे' म्हणतानाचा. "म्हातारा झालाय तो. घरचा आहे. आणि ह्यांना त्याची सोबत आहे."

पक्षीवालीने मान हलवली, रेकॉर्डर पिशवीत ठेवला. मग तिने एक गोष्ट केली जी त्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी केली नव्हती. ती खुर्चीकडे वळली, नवऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीला येईल अशी खाली बसली आणि म्हणाली, "काका, तुम्हाला काय वाटतं?" आणि थांबली. डॉक्टर थांबत तसं घड्याळ बघत नाही, लेक थांबे तसं डोळे भरून नाही. नुसती थांबली. नवऱ्याचा चेहरा हळूहळू एकवटला. त्याने डाव्या हाताने पिंजऱ्याकडे बोट केलं, मग दाराकडे. "तर," तो म्हणाला, आणि मान ठामपणे डोलावली. होय.

पक्षीवाली गेल्यावर तिने जी तोंडाची टकळी सुरू केली ती थांबेना. "मला विचारलंत का? बोट केलं की झालं? सगळं मी बघायचं, औषधं मी, आंघोळ मी, आणि एवढी एक गोष्ट माझ्या मनासारखी राहू देत नाही तुम्ही!" न बोलता येणाऱ्या माणसाशी भांडणं किती वाईट, हे तिला बोलताबोलताच कळत होतं, दोन्ही बाजू आपल्यालाच मांडाव्या लागतात, आणि जिंकलो तरी लाज वाटते. शेवटी ती दमून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली. दुपार कलली होती. पिंजऱ्यात खाकरणं झालं. "अगं, चहा झाला का?"

"झालाच. आणते," ती म्हणाली आणि उठली. उठताना सहज तिचं लक्ष खुर्चीकडे गेलं.

नवऱ्याच्या डाव्या हातात रिकामा कप होता. तो केव्हापासून तो कप खुर्चीच्या हातावर हळूहळू आपटत असावा. तो टकटक आवाज तिच्या कानांनी ऐकला होता, पण घड्याळाचा ऐकावा तसा. तिने वळून पाहताच त्याने कप खाली ठेवला. पिंजऱ्यावरचं फडकं ओढून कप्तानवर घातलं, आणि तोच हात आपल्या तोंडावर ठेवला. घट्ट. डोळे तिच्यावर. त्यात राग नव्हता. खूप दिवस वाट पाहून दमलेल्या माणसाचे डोळे होते.

तीन वर्षं. कप्तान बोलला की नवरा रेडिओ मोठा करायचा, आणि ती लेकीला फोनवर सांगायची, बाबांना गाण्यांची गोडी लागलीय. पाहुण्यांपुढे पोपट बोलला की लोक टाळ्या पिटायचे, आणि हा उठून आतल्या खोलीत जायचा; ती म्हणायची, थकले. स्वतःचाच आवाज, धडधाकट, मजेत, चहा मागतोय, आणि आपण शेजारी कप आपटत बसलोय. आणि बायको उठते ती त्या आवाजासाठी. ती चहा करायला गेली नाही, त्याच्या पायांशी खाली बसली.

पुढच्या आठवड्यात दोघांनी कप्तानला केंद्रात नेऊन सोडलं. केंद्र म्हणजे झाडीत लपलेली एक लांबोडकी बैठी इमारत. कचेरीत जगाचा नकाशा होता, त्यावर रंगीत टाचण्या. पक्षीवालीने एकेक दाखवली: हे एक बेट, इथे उडता न येणारे पोपट आहेत, इतके थोडे की प्रत्येकाला नाव आहे, इथे एका जातीचा शेवटचा नर कित्येक वर्षं एकटाच जंगलात उडत होता, शेवटी दुसऱ्याच जातीच्या मादीशी त्याने जोडी जमवली. "बिचारा," ती नवऱ्याला म्हणाली, आणि तो त्या टाचणीकडे बराच वेळ बघत राहिला. आत जाणाऱ्या दारावर पाटी होती: इथून पुढे कृपया बोलू नये. माणसांचं बोलणं पिल्लांच्या कानावर पडता कामा नये. पायांत कापडी मोजे चढवायचे, ढकलगाडीच्या चाकांना आता रबर बसवलेलं. लाकडी भिंतीतल्या फटीतून तिने पाहिलं, मोठ्या जाळीघरात फांद्या होत्या, सहा पिल्लं होती, आणि एका कोपऱ्यात कप्तान अंग चोरून बसला होता. तिला रडू आलं तेही गिळावं लागलं.

तिसऱ्या दिवशी पक्षीवालीचा फोन आला. "काकू, तो हाक मारतच नाही. नीट खात नाही. आणि बोलतो. 'दार लाव, वारा येतोय,' 'चहा झाला का.' पिल्लं अगदी कान देऊन ऐकतात. आमची पक्ष्यांची डॉक्टरीण म्हणते, आणखी तीनचार दिवस बघू, नाहीतर त्याला बाजूला काढावं लागेल. तुम्ही याल का? निदान त्याच्याकडे बघून तुम्हाला काही कळतंय का बघा."

दोघं गेली, केंद्राच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिली. फटीशी दोन स्टुलं मांडली होती. तिला वाटलं होतं, नुसतं बसायचं तर आहे. पण पहिल्या तासात ती दोनदा खोकली, एकदा पिशवीची चेन ओढली, आणि कप्तानने दाणा उचलला तेव्हा न राहवून "खाल्लं बाई" असं पुटपुटली. पाठीमागून डॉक्टरीणबाई आल्या, पन्नाशीच्या, बारीक कापलेल्या केसांच्या, आणि त्यांनी तिला फार प्रेमाने, दंडाला धरून, बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. नवरा मात्र बसला तो बसलाच. सकाळी, दुपारी, दुसऱ्या दिवशी. पाणी प्यायलाही उठायचं नाव नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे हातवारे करत, पाटीवर लिहीत, आणि तो त्यांच्यात बसलेला असे. त्याच्या तोंडाकडे कुणी आशेने बघत नव्हतं, कारण कुणीच कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. बाकावरून खिडकीतून तिला तो दिसे. घरी तो आजारी माणूस दिसायचा. इथे तो बाकीच्यांसारखा दिसत होता.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता ती बाकावर आली तेव्हा आत पिल्लांचा गलका चालू होता. वर, वर, कर्र. वर, वर, कर्र. तिने डोळे मिटले. मग मध्येच एक आवाज आला, खरखरीत, म्हातारा, वैतागलेला, आणि त्याने ती सबंध हाक पूर्ण केली, शेवटच्या उतरणीसकट. गलका एकदम थांबला. कप्तानने पुन्हा हाक मारली. पुन्हा. कितव्यातरी वेळेला एका पिल्लाने कच्च्या गळ्याने चढण घेतली, शेवटाशी अडखळलं आणि करकरण्याऐवजी घसरल्यासारखं काहीतरी केलं. ते चूकच होतं. पण चाक नव्हतं. मोजे घालून ती आत गेली, तर नवरा फटीला डोळा लावून बसलेला, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. नुसता डावा हात मागे केला आणि तिचा हात शोधून धरला.

निघायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बाहेर अंगणात विषय काढला. "काका आठवड्यातून चार दिवस येतील का हो? आमची गाडी सकाळी शहरातून येतेच. पिल्लांवर नजर ठेवायची, कोण कितीदा हाक मारतं त्याच्या खुणा करायच्या. आम्हाला मदतीला माणसं मिळतात, पण गप्प बसणारी मिळत नाहीत." हे ऐकून नवरा हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, डोळे पुसत. तीन वर्षांत ती त्याचं हसणं विसरली होती.

मग दिवस मार्गी लागले. सकाळी सातला कोपऱ्यावर गाडी यायची. ती त्याला डबा द्यायची, मफलर बांधायची. डाव्या हाताने कागदावर खुणा करण्याचा सराव तो रविवारी बसून करी. घर रिकामं झालं. "आई, दोघंही गेले की गं तुला टाकून," लेक फोनवर चेष्टेने म्हणाली, आणि ती हसली, पण फोन ठेवल्यावर तिला खोल्या मोठ्या वाटल्या. पिंजरा तिने धुऊन गच्चीत ठेवला. एकदा पक्षीवालीने सांगितलं की कप्तान आता माणसांसारखं अजिबात बोलत नाही, महिना झाला. पक्षीवाली खूश होती. खूश व्हायचीच गोष्ट होती ती. बोलताबोलता पक्षीवालीच्या काहीतरी ध्यानात आलं आणि ती थबकली. "काकू, केंद्रातल्या पहिल्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे थोडं. 'अगं, ऐकतेस ना' वगैरे. देऊ का?" तिने क्षणभर विचार केला. "नको," ती म्हणाली. "ऐकत बसेन मी." तो आवाज आता जगात कुठेच नव्हता. त्या दुपारी ती खिडकीशी नवऱ्याच्या खुर्चीत बसून राहिली. माणूस गेल्यावर रडतात तसं तिला रडू आलं, आणि मग संध्याकाळी माणूसच घरी आला, धुळीने भरलेल्या चपला घेऊन, भूक लागलेला. तिला काही कळेना, हसावं की काय करावं.

पिल्लं डोंगरावर सोडायचं ठरलं ते थंडी सरल्यावर. सहाही पिल्लांची हाक तोवर स्वच्छ झाली होती. नवरा त्यांच्याबरोबर गेला आणि पाच दिवस राहिला. पाचही रात्री ती उशाशी फोन ठेवून झोपली आणि ससाण्याची स्वप्नं बघत राहिली. सहाव्या दिवशी संध्याकाळी गाडीने त्याला सोडलं. त्याचं नाक उन्हाने सोललं होतं. चपलाही न काढता तो टेबलाशी बसला आणि बोटांनी कागद मागितला.

"दमलात? पाणी देऊ? दुखतंय का कुठे?" एरवी ती असंच करायची, त्याला काय हवंय ते आपणच सुचवत जायचं आणि त्याची मान हलली की मोकळं व्हायचं. त्याने हात वर करून तिला थांबवलं. कागदावर त्याने एक वेडावाकडा डोंगर काढला. पायथ्याशी चौकोन, चौकोनात सहा ठिपके. मग चौकोन खोडला. एकेका ठिपक्यापासून रेघ निघाली, बाहेर, वर. संध्याकाळी रेघा परत आल्या, दाण्याच्या ताटाशी. त्याने मोजून दाखवलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

"पाच?" तिने रेघा पुन्हा मोजल्या. "एक परत नाही आला? कुणी उचलला का हो त्याला?"

तो जोरजोराने मान हलवत होता, नाही, नाही, आणि हसत होता. सहावी रेघ त्याने सावकाश डोंगराच्या पलीकडच्या उतारावर नेली. कानामागे हात धरून दाखवला. रेघेच्या टोकाशी ठिपका दिला आणि हात तोंडाशी धरून दूर कुणाला तरी बोलावल्यासारखं केलं. मग त्या ठिपक्याभोवती दुसरे ठिपके काढू लागला, दोन, पाच, अकरा, कागदाची कड येईपर्यंत.

"त्याने हाक मारली," ती हळूच म्हणाली, "आणि त्यांनी ओ दिली?"

नवऱ्याने पेन्सिल खाली ठेवली आणि टेबलावर हाताची थाप मारली. होय! मग लगेच पुन्हा पेन्सिल उचलली, कागद उलटा केला. अजून बरंच होतं. पाच दिवसांचं होतं. बाहेर दिवे लागले होते आणि कुकर लावायचा राहिला होता. तिने खुर्ची जवळ ओढली, हनुवटीला हात लावला.

"मग?" ती म्हणाली.